थोरल्या जाऊबाईंचे पत्रे

१२ डिसेंबर

थोरल्या जाऊबाई,

नमस्काराच्या आधीच सांगून टाकते, नाहीतर कागद नमस्कारातच संपेल आणि मुद्दा राहून जाईल. तुमच्या बाजूच्या खोल्यांचं कुलूप मी तोडलं आहे.

आता नमस्कार.

हे पत्र भाऊजींच्या हातात देण्याआधी पुढचं वाचा, एवढंच मागते. आमच्या दोन्ही खोल्यांवरचा आडवा वासा वाळवीने आतून खाल्ला होता. बाहेरून धडधाकट, तुमच्या दिरांसारखा. परवा दुपारी तो मोडला आणि अर्धं छप्पर कौलांसकट खाली आलं. घरात कोणी नव्हतं. ठमी शाळेत होती. बोक्या रोज त्या वेळी नेमका त्याच वाशाखाली झोपलेला असतो. त्या दिवशी त्याला सांभाळणारी म्हातारी आली नाही, म्हणून मी त्याला टोपलीत घालून रोपवाटिकेत नेलं होतं. मी मातीच्या पिशव्या भरत होते आणि तो बाजूला बसून माती खात होता. मुकादम ओरडला, "पोराला कशाला आणतेस कामावर?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी येऊन बघते तर त्याच्या गोधडीवर कौलांचा ढीग.

पहिल्या दिवशी सुतारकाकांच्या ओट्यावर झोपलो. त्यांच्या घरातच आठ माणसं, ओट्यावर वारं नुसतं कापतं. बोक्या नऊ महिन्यांचा आहे. तो खोकायला लागला आणि मी दगड उचलला. तीन घावांत कुलूप तुटलं. कुलूप जरा चांगलं घ्यायचं होतं तुम्ही.

आम्ही फक्त पुढच्या खोलीत आहोत. आतल्या खोलीचं दार तुम्ही लोटून गेलात तसंच आहे. तुमची खाट उभी करून ठेवली होती, ती तशीच उभी आहे. आम्ही जमिनीवर झोपतो. वाटणीच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "आमच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही." ठोकलेला नाही. कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, पण ती खुंटी तुमचीच, आधीपासूनची.

यांना कळवलेलं नाही. हे बोअरच्या गाडीवर दूर कुठेतरी आहेत. गावोगाव जमिनीला भोकं पाडत फिरतात आणि घरी छपराला भोक पडलंय, हे त्यांना फोनवर कसं सांगू? तुमचा नंबर लागत नाही. भाऊजींना फोन करायची माझी छाती नाही. पत्ता सुतारकाकांच्या लेकीकडून घेतला, ती तुमच्याच भागात दिली आहे.

छप्पर झालं की लगेच निघू.

तुमची धाकटी

२१ डिसेंबर

जाऊबाई,

उत्तर मिळालं. इतकं छोटं पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "कुलूप लावून किल्ली सुतारकाकांकडे द्यावी." लावते. पण कुठलं? तुटलेलं? की मी नवीन आणून तुमच्या दाराला लावू आणि पोरांना घेऊन त्या दाराबाहेर बसू?

गावात भाड्याची खोली बघ, असं तुमच्या मनात आलंच असेल. बघितल्या. निवृत्त मास्तरांच्या बायकोकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला, खोली दाखवली, सगळं ठरत आलं. तेवढ्यात ठमीने हात न लावता नुसतं भिंतीकडे पाहिलं. "किती वर्षांची?" म्हणे. पाच. "आणि हा?" हा रांगतो. "मग नाही जमणार बाई. पोरं भिंती रंगवतात." मी म्हटलं, माझ्या पोरांना रंग कुठून मिळायचा? त्या हसल्या, पण खोली नाही दिली.

चौकातून आपल्या घरापर्यंत येताना दोन्ही बाजूंना कुलपंच कुलपं आहेत. माणसं शहरात, घरं इथे. एकाला फोन लावला तर म्हणतो, "वहिनी, घर पडलं तरी चालेल, पण भाडेकरू नको. एकदा शिरला की निघत नाही." मला लगेच तुमची आठवण आली. तुम्हीही मनात हेच म्हणत असाल.

मदत मिळते का बघायला गावच्या कार्यालयातही जाऊन आले. तिथला कारकून म्हणाला, कागदावर तुमचं घर चार खोल्यांचं दिसतंय, चार खोल्यांच्या माणसाला घर कशाला? मी म्हटलं, त्यातल्या दोन थोरल्या दिरांच्या आहेत आणि दोन जमिनीवर पडल्यात. तो म्हणाला, कागदावर उभ्या आहेत.

आता खरं सांगते. खाट खाली घेतली आहे. फरशी बर्फासारखी लागते आणि बोक्याची छाती घरघरते. शिवाय आतल्या खोलीचं दार उघडलं आहे, कारण पुढच्या खोलीत चूल पेटवली की धूर कोंडतो. आतून वाट मिळाली की निघून जातो. कपाटाला मात्र हात लावलेला नाही.

धाकटी

३० डिसेंबर

जाऊबाई,

कपाट ठमीने उघडलं.

मी कामावरून आले तर ही बया तुमचा जांभळा शालू अंगाभोवती गुंडाळून बसलेली. एक धपाटा घातला. शालू घडी करून परत ठेवला, डांबराच्या गोळ्याही ठेवल्या. पण त्याच्याखाली दोन लोकरीची पांघरुणं होती. ती मी काढली. हे ठमीने नाही, मी केलं.

मला झोप लागत नाही. पडल्या पडल्या कान छपराकडे असतात. तुमच्या बाजूला पत्रे आहेत, लोखंडी पाइपांवर नीट हुकांनी बसवलेले, वाळवीची बिशाद नाही. तरी कुठे खुट्ट झालं की मी बोक्यावर ओणवी होते. काल असंच झालं, तर पत्र्यावर मांजर होतं. बोक्या खुदखुदून हसला. त्याला वाटलं, आई खेळतेय.

हे दोन दिवसांसाठी आले होते. गाडीचं यंत्र बिघडलं म्हणून अचानक सुट्टी मिळाली. दारात आले, आमची पडलेली बाजू पाहिली, मग तुमच्या दारातून मला बाहेर येताना पाहिलं. बोक्याला घेतलं, त्याचे हातपाय चाचपले, आणि जाऊन पडलेल्या कौलांमध्ये बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "इकडेच आण."

झोपलेही तिथेच, ताडपत्री टाकून. मी भांडले. म्हटलं, तुमचा राग भावावर आहे, तो थंडीला कळतो का? तेव्हा म्हणाले, "राग गेला खड्ड्यात. दादा उद्या कोणाला तरी घेऊन येईल आणि माझ्या पोरांना बखोटीला धरून बाहेर काढेल. मी आत राहिलो तर मला ते बघावं लागेल. तू राहा. मला आत ये म्हणू नकोस."

सकाळी बघते तर ठमी त्यांच्या कुशीत, तुमच्या लोकरीच्या पांघरुणासकट. दोघांच्या नाकांतून पाणी वाहत होतं.

नवीन वासा आणतो म्हणून गेले आहेत. वाशाला लाकूड लागतं, लाकडाला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

धाकटी

१० जानेवारी

जाऊबाई,

मला आधी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

काल रोपवाटिकेला सुट्टी होती. मी दोन्ही खोल्या घासूनपुसून काढल्या होत्या, भिंतींचे पोपडे काढून चुना दिला होता, म्हटलं जाताना घर चांगलं करून जाऊ. तेवढ्यात दलाल आला. चकचकीत बुटांचा, बरोबर एक जाड गृहस्थ. दलाल मला म्हणाला, "तुम्ही कोण?" माझ्याच अंगणात मला विचारतो, तुम्ही कोण! मी म्हटलं, धाकटी सून. "मग बरं झालं. थोरल्यांचा भाग विकायचा ठरलाय. जरा बघून घेतो."

मला वाटलं, आता घर बघतील. मी लाजेकाजेने पोरांचे कपडे दोरीवरून ओढले. तर तो जाड माणूस आत आलाच नाही! रस्त्याच्या कडेने पावलं टाकत लांबी मोजून गेला. त्याला खत-बियाण्यांचं गोदाम बांधायचं आहे. "घर पाडायलाच लागेल," म्हणाला, जसं काही दाढी करायची आहे. मग बोक्याच्या गालाला हात लावून "गोड आहे" म्हणाला आणि गेला.

ठमीने विचारलं, "आई, हे पण पडणार?" मी म्हटलं, हे पडणार नाही, पाडणार आहेत. तिला फरक कळला नाही. मलाही धड सांगता आला नाही.

तुम्ही शहरात, पक्क्या इमारतीत. पोरगा कमावता झाला, वेगळा राहतो. तुम्हाला या दोन खोल्यांचं काय अडलंय? वर्षानुवर्षं उंदरांना राहू दिलंत. मला एक हिवाळा तरी द्यायचा होता.

एवढं लिहून मी पत्र फाडणार होते. नाही फाडत.

धाकटी

२२ जानेवारी

अहो,

हे पत्र तुमच्या मालकाच्या भावाबरोबर पाठवते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच ठेवून दिला असता. पत्र मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंत तरी ते खिशात राहतं.

तुमच्या वहिनी आल्या होत्या.

गुरुवारी मी कामावरून आले तर दारात चपला. आत बघते तर जाऊबाई खाटेच्या कडेला बसलेल्या आणि बोक्या त्यांच्या पदराशी खेळतोय. मी दारातच थिजले. माझ्या शेवटच्या पत्रात मी काय काय लिहिलं होतं ते सगळं डोक्यात वाजायला लागलं. त्या म्हणाल्या, "खाट दाराशी का घातलीस? वारं लागतं पोराला." बस. पहिलं वाक्य हे. मग उठल्या आणि आम्ही दोघींनी मिळून खाट आतल्या भिंतीला लावली.

चहा करत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "पक्क्या इमारतीत राहतो म्हणालीस ना? ये एकदा बघायला. जिन्याखाली आहोत आम्ही."

मला कळेना. त्या सांगायला लागल्या. भाऊजी तिथे रखवालदार आहेत. इमारतीच्या जिन्याखाली एक खण आहे, त्यात हे दोघं. मुलाकडे राहावं तर तोच बायकोच्या माहेरी राहतो. आत ताठ उभं राहता येत नाही. वरून कोणी उतरलं की डोक्यावर पावलं वाजतात, लिफ्ट बंद असली तर दिवसभर. भाऊजींचे डोळे अधू झालेत, त्यांनी मालकांपासून लपवलंय. कळलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की त्याच दिवशी तो खणही गेला. म्हणून विकायचं. कुठेतरी स्वतःची एक खोली, त्यात ताठ उभं राहता यावं, एवढंच.

"मी तुझी पत्रं त्यांना वाचून दाखवली," त्या म्हणाल्या. "सगळी. शेवटचंही." मी मान वर केली नाही. "ते मला म्हणाले, तू जा. मला दिसतही नाही आणि तिथे जाऊन काय बघायचं तेही कळत नाही."

अहो, मी तिथेच रडले. बोक्याही रडायला लागला, मग त्याला गप्प करता करता आमचं रडणं राहूनच गेलं.

विकायचं रद्द करा असं मला म्हणता येईना. त्यांनाही राहा असं म्हणता येईना. आम्ही दोघी बसून राहिलो. ठमी मधे मधे येऊन दोघींची तोंडं बघून जायची.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. जाऊबाईंनी विचारलं, "सौदा कशाचा झालाय? घराचा की जागेचा?" तो म्हणाला, "जागेचा हो. घराचं काय, ते पाडायचंच आहे." जाऊबाई म्हणाल्या, "मग घर आमचं." तो हसायला लागला. त्या हसल्या नाहीत. "पत्रे, पाइप, चौकटी, दारं, सगळं आम्ही काढून नेणार. जागा झाडून देऊ." त्याने गोदामवाल्याला फोन लावला. तिकडून तो म्हणाला म्हणे, बरंच झालं, माझी तेवढी मजुरी वाचली.

दलाल गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पदर खोच. शिडी आण."

दोन दिवस आम्ही तेच केलं. पोरांना म्हातारीकडे ठेवलं. सुतारकाका वर, जाऊबाई मधल्या पायरीवर, मी खाली. नट इतके गंजले होते की पान्याला दाद देईनात. एकेकावर रॉकेल ओतायचं, थांबायचं, मग सोडवायचं. एक पत्रा सुटला आणि आत एकदम आभाळ दिसलं. जाऊबाई तशाच थांबल्या. त्यांच्या लग्नानंतर भाऊजींनी ते पत्रे घातले होते. मी म्हटलं, राहू द्या, आपण नंतर करू. तर म्हणाल्या, "नंतर म्हणजे तो यंत्र घेऊन येईल तेव्हा? पुढचा घे."

आमची उरलेली कौलं उतरवली, वाळवीचे वासे जाळायला काढले, पाइप भिंतीत बसवले. पत्र्यांची जुनी भोकं डांबराने बुजवली. माझे हात अजून काळे आहेत, या कागदावरचे डाग त्याचेच. संध्याकाळी शेवटचा पत्रा चढला तेव्हा जाऊबाईंनी खाली बसून बोक्याच्या तळव्याला डांबराचा एक ठिपका लावला आणि म्हणाल्या, "आता खोक बघू."

त्या रविवारी गेल्या. बसमध्ये जागा मिळाली, पण खिडकीतून माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, बघता येत नव्हतं.

आता तुम्हाला जे सांगायचं ते हे. तुमच्या डोक्यावर तुमच्या दादांचे पत्रे आहेत. चालत असेल तर या. चालत नसेल तरी या, तुमची ताडपत्री मी बोक्याच्या खाली घातली आहे, परत मिळणार नाही.

ठमीची आई

३ मार्च

जाऊबाई,

गोदामाचा पाया खणून झाला. यंत्र आलं तेव्हा भिंती पडायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मी पोरांना घेऊन लांब गेले होते. परत आले तर आपल्या मधल्या भिंतीची तुमच्याकडची बाजू उघडी पडलेली. तिच्यावर तुमच्या देवळीचा खड्डा तसाच आहे, चुन्याचा रंगही. ठमी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ही माझ्या मोठ्या आईची भिंत.

हे आले. पत्र मिळाल्यावर लगेच नाही आले. आठ दिवस कुठे काय विचार करत होते देव जाणे. एका सकाळी मी भांडी घासत होते आणि मागून आवाज आला, "हा कडेचा पत्रा उलटा बसवलाय." वळून बघते तर पिशवी खांद्यावरच, मान वर. मी म्हटलं, तुमच्या वहिनींनी बसवलाय, त्यांना सांगा. यांनी पिशवी टाकली, शिडी लावली आणि वर जाऊन दुपारपर्यंत एकेक नट आवळत बसले. खाली उतरले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, गंज उडाला डोळ्यात.

बोक्याचा खोकला गेला. तो आता धरून उभा राहतो. मी अजूनही पहाटे एकदोनदा दचकते, पण मांजर असेल म्हणून पुन्हा झोपते.

सुतारकाकांची लेक मागच्या आठवड्यात आली होती. ती सांगत होती, सौदा झाला खरा, पण तेवढ्या पैशांत तिकडे खोली काही बसत नाही. तुम्ही दोन-तीन ठिकाणी बघून परत आलात. आणि भाऊजींच्या डोळ्यांचं मालकांना कळलंय. तुम्ही मला काही लिहिलं नाहीत. तुमची छोटी पत्रं मला आता ओळखता येतात, पण न आलेलं पत्रही मी वाचायला शिकले आहे.

मी काही बोलणार नव्हते. ही तुमची आणि तुमच्या दिरांची गोष्ट. पण काय झालं ते सांगते, ठरवायचं ते तुम्ही ठरवा. तुमचे पत्रे आमच्या खोल्यांपेक्षा लांब आहेत, पुढे बरेच बाहेर येतात. सुतारकाकांच्या लेकीचं बोलणं यांनी ओट्यावरून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर तिथे दोन खांब पुरलेले. मग विटा आल्या. काल एक भिंत छातीपर्यंत आली. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, "सामान ठेवायला." मी म्हटलं, आपल्याकडे सामान कुठलं? त्यावर यांनी पुढची वीट उचलली.

जाऊबाई, खांबावर त्यांनी भिंतीच्या उंचीची खूण केली आहे, पुरुषभर उंच, वर हातभर आणखी. आणि पूर्वेकडे मधोमध चौकोन मोकळा सोडलाय. तुम्हीच सांगा, सामानाला कोणी खिडकी ठेवतं का?

तुमची धाकटी